ग्राहक नेमका कुठे थांबला, ते दाखवणारा आलेख

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. कुडाळला छतावर सोलर बसवून देणाऱ्या एका फर्मचं ऑफिस तुम्ही सांभाळता. एक्सेलमध्ये एका ओळीत एक ग्राहक आणि पुढे तारखांचे रकाने: चौकशी, पाहणी, कोटेशन, आगाऊ रक्कम, पोर्टलवरचा अर्ज, बसवणी, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा), अनुदान. ही फाइल पॉवर बीआय या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन तुम्ही फनेल, म्हणजे टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाणारा आलेख, काढला. दिसायला झकास झाला. मालकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "एवढं मला तोंडपाठ आहे. माणूस अडकतो कुठे ते दाखव."

मालकांचं बरोबर आहे. फनेल फक्त डोकी मोजतो. शंभर चौकश्या, साठ कोटेशनं, पंचवीस बसवण्या. त्यात वेळ कुठेच नाही. काल फोन केलेला माणूस आणि गेल्या शिमग्यापासून ताटकळलेला माणूस एकाच पट्टीत बसतात. तुमच्याकडची खरी पुंजी तारखांमध्ये आहे आणि फनेल नेमक्या त्याच फेकून देतो.

तुम्हाला हवं ते चित्र तुमच्या गावावरून रोज धावतंय. माझा मामेभाऊ रेल्वेत आहे. त्याने पहिल्यांदा ट्रेनचा आलेख दाखवला तेव्हा मला रिपोर्ट करून देण्याच्या आमच्या धंद्यातली ही गोष्ट उलगडली. कागदावर आडवी वेळ, उभी स्टेशनं: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर रोड, वैभववाडी रोड, कणकवली, कुडाळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी पळते तेव्हा रेघ चढते किंवा उतरते, उभी राहिली की रेघ आडवी होते. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला. त्याचा बहुतेक भाग आजही एकेरी आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं रोजचंच. कंट्रोलमधला माणूस तो कागद बघून एका नजरेत सांगतो, कुठली गाडी कुठे आणि किती वेळ लटकली. तुमच्याकडे स्टेशनांच्या जागी टप्पे आहेत, गाडीच्या जागी ग्राहक, तासांच्या जागी दिवस. बाकी सगळं तेच.

आता हे जमवायचं कसं. निम्मं काम आलेखाच्या आधीचं आहे, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

तुमची फाइल आडवी आहे, ती आधी उभी करा. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयचा फाइल साफसूफ करायचा भाग) ग्राहक क्रमांक, गाव, छताचा प्रकार असे न बदलणारे रकाने निवडा, राइट क्लिक करा आणि 'अनपिव्हट अदर कॉलम्स' म्हणा. एका ग्राहकाच्या एका ओळीच्या आठ ओळी होतात: ग्राहक, टप्पा, तारीख. जो टप्पा अजून आलाच नाही, म्हणजे रकाना रिकामा आहे, त्याची ओळ आपोआप गळते. हे आपल्या फायद्याचं आहे, पण लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब द्यावा लागतो.

उभी केल्याचा दुसरा फायदा मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडताना, कळतो. आडव्या फाइलीत आठ तारखा असल्या की तारखांच्या टेबलाशी आठ नाती जोडावी लागतात. त्यातलं एकच चालू राहतं, बाकी सात तुटक रेषेने झोपलेली, आणि प्रत्येक मेजरमध्ये, म्हणजे हिशेबाच्या सूत्रात, 'युजरिलेशनशिप' लिहून त्यांना उठवत बसायचं. उभ्या टेबलात तारीख एकच, नातं एकच. आणि पाहणी दोनदा झाली तर? आडव्या फाइलीत पहिली तारीख पुसून दुसरी लिहितात आणि पहिली फेरी फुकट गेल्याचा पुरावाच नाहीसा होतो. उभ्या टेबलात आणखी एक ओळ वाढते, बस.

तारखांची साफसफाई मात्र हाताने करावी लागणार. कोकणातल्या ऑफिसांच्या फायली मी बऱ्याच पाहिल्यात. तारखेच्या रकान्यात "गणपतीनंतर", "आंबे गेल्यावर", "मुंबईहून मुलगा आला की" असं हमखास सापडतं. पॉवर क्वेरी तिथे 'एरर' दाखवते आणि नवखा माणूस 'रिमूव्ह एरर्स' दाबून मोकळा होतो. तसं करू नका. ते शब्द सोन्यासारखे आहेत, फक्त चुकीच्या रकान्यात पडलेत. झालेली तारीख आणि कबूल केलेली तारीख यांचे रकाने वेगळे ठेवा. "गणपतीनंतर" हा वायदा आहे, घटना नव्हे.

त्याहून वाईट चूक दिसतच नाही. कुणी ०५/०६/२०२५ लिहिलं. तुमच्या मते ते ५ जून, पण कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर ते ६ मे होतं. १५/०६ असतं तर पंधरावा महिना नसल्यामुळे एरर तरी आली असती. बारापर्यंतचे दिवस मात्र गुपचूप उलटतात, आणि बसवणी आगाऊ रकमेच्या आधी झालेली दिसते. म्हणून तारखेचा प्रकार बदलताना 'युजिंग लोकेल' घ्या आणि भारत निवडा. मग एक साधी तपासणी लावा: कुठल्याही दोन टप्प्यांमधले दिवस उणे येतात का? येत असतील तर तेवढ्या ओळी छापून वही घेऊन बसा. माझा नेम आहे, ही यादी रिकामी झाल्याशिवाय एकही आलेख काढत नाही.

पुढे टप्प्यांचं एक छोटं टेबल करा. त्यात टप्प्याचं नाव, त्याचा क्रमांक १ ते ८, आणि तिसरा रकाना, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: हा टप्पा झाल्यावर पुढच्यासाठी खोळंबा कोणामुळे? पाहणी झाली, कोटेशन यायचंय, तर आपल्यामुळे. कोटेशन गेलं, पैसे यायचेत, तर ग्राहकामुळे. बसवणी झाली, मीटर यायचाय, तर वीज कंपनीकडे. तिथून अनुदानापर्यंत सरकारी वाटचाल. नावांना 'सॉर्ट बाय कॉलम'ने क्रमांकाप्रमाणे लावा. नाहीतर सॉफ्टवेअर अक्षरक्रम लावून 'अनुदान' चौकशीच्या आधी आणून ठेवतं.

आता प्रत्येक ओळीला पुढच्या टप्प्याची तारीख जोडायची. इथे एक खड्डा आहे. बरेच जण "याच ग्राहकाची यापेक्षा मोठी, पण त्यातली सर्वांत लहान तारीख" असं शोधतात. एकाच दिवशी दोन टप्पे झाले की हे फसतं. कोटेशन आणि आगाऊ रक्कम एकाच दुपारी होणं काही नवलाचं नाही, ग्राहक ठरवूनच आलेला असतो. तिथे मोठी तारीख शोधलीत तर आगाऊ रक्कम वगळली जाऊन कोटेशनची उडी थेट अर्जावर पडते. म्हणून आधी प्रत्येक ग्राहकाच्या ओळी तारखेने आणि तारीख सारखी असेल तर टप्पा क्रमांकाने लावा, त्यांना १, २, ३ असा अनुक्रम द्या, आणि पुढची तारीख त्या अनुक्रमाने उचला. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत, २०२२ च्या शेवटी 'ऑफसेट' नावाचं फंक्शन आलं, त्याने हे सोपं झालंय. पुढची ओळच नसेल तर आजची तारीख धरा आणि शेजारी 'अजून थांबलेला' अशी खूण करा.

एवढं झालं की आलेख दहा मिनिटांत होतो. साधा लाइन चार्ट घ्या. आडव्या अक्षावर तारीख टाका, पण खालच्या बाणातून 'डेट हायरार्की' काढून नुसती तारीख निवडा, नाहीतर सगळं वर्षावर गोळा होईल. उभ्या अक्षावर टप्पा क्रमांक, लेजंडमध्ये ग्राहक क्रमांक. रेषेच्या फॉरमॅटमध्ये पायऱ्यांची, म्हणजे 'स्टेप्ड', रेघ निवडा. तिरकी रेघ दोन तारखांच्या मध्ये काहीतरी हळूहळू घडत होतं असा भास करते. प्रत्यक्षात काहीच घडत नसतं, फाइल कपाटात असते. पायरीची आडवी रेघ ते खरं खरं सांगते.

दोन ग्राहक घेऊन दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमची फाइल मी पाहिलेली नाही. अर्ज आणि अनुदानाचे टप्पे तूर्त बाजूला ठेवू.

ग्राहक १४, वेंगुर्ल्याकडचं कौलारू घर. चौकशी १२ फेब्रुवारी २०२५, पाहणी १५ ला, कोटेशन १७ ला. आगाऊ रक्कम २४ मे. बसवणी ९ ऑक्टोबर, मीटर ३० ऑक्टोबर. एकूण २६० दिवस.

ग्राहक २२, कुडाळमध्येच, स्लॅबचं घर. चौकशी १० मार्च, पाहणी ११ मार्च, कोटेशन २९ एप्रिल, आगाऊ रक्कम २ मे, बसवणी १४ मे, मीटर ६ जून. एकूण ८८ दिवस.

नुसती बेरीज पाहिली तर १४ हा वाईट अनुभव आणि २२ चांगला. रेघा पाहा. चौदाव्याची रेघ पहिल्या पाच दिवसांत तिसऱ्या पायरीपर्यंत चढते, मग ९६ दिवस आडवी. माणूस बागायतदार, आंबा विकून पैसे हातात आल्यावरच देणार, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यानंतर १३८ दिवसांची दुसरी आडवी रेघ. पैसे आले आणि पाठोपाठ पाऊस आला. भिजलेल्या, शेवाळ धरलेल्या कौलांवर माणूस चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. कोटेशननंतरच्या या २३४ दिवसांत तुमच्या ऑफिसचा आळस एका दिवसाचाही नाही. बाविसाव्याकडे बघा: पाहणी ते कोटेशन ४९ दिवस. हे सगळे तुमचे. ग्राहकाने कोटेशन हातात पडल्यावर तिसऱ्या दिवशी पैसे दिले, म्हणजे तो तयारच होता. सात आठवडे त्याला तुम्ही ताटकळत ठेवलं, आणि मे महिना हाताशी होता म्हणून निभावलं. तेच कोटेशन जूनमध्ये गेलं असतं तर हासुद्धा दिवाळीपर्यंत रखडला असता.

म्हणून माझं सांगणं, रंग टप्प्याला देऊ नका, खोळंबा कोणामुळे त्याला द्या. आठ टप्प्यांचे आठ रंग म्हणजे रंगपंचमी, कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. चार रंग पुरेत: आपण, ग्राहक, पाऊस, सरकारी दप्तर (वीज कंपनीही त्यातच). पावसाचा रंग टप्प्यांच्या टेबलातून मिळणार नाही. त्यासाठी तारखांच्या टेबलात पावसाळ्याचे दिवस खुणावून ठेवा आणि आगाऊ रक्कम ते बसवणीमधले जे दिवस त्यात पडतात ते वेगळे काढा. लाइन चार्टमध्ये एकाच रेघेचे तुकडे वेगळ्या रंगात आणणं कटकटीचं आहे. त्यासाठी दुसरा आलेख घ्या, स्टॅक्ड बार: प्रत्येक ग्राहकाची एक आडवी पट्टी, तिच्यात त्या चार रंगांचे दिवस. मालकांना बहुधा हाच आवडेल. मला विचाराल तर रेघांचाच आवडतो, कारण त्यात पंचांग दिसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या रेघा एकदम आडव्या पडतात ते पट्टीत दिसत नाही.

रेघा मात्र एका वेळी तीस-चाळीसच ठेवा. त्यापुढे गेलात की रापणीचं जाळं गुंतल्यासारखं दिसतं. गाव, छताचा प्रकार आणि चौकशीचा महिना असे तीन स्लायसर, म्हणजे हवं तेवढंच दाखवणाऱ्या चाळण्या, पुरतात. याच आलेखाची दुसरी प्रत करा आणि तिच्यात तारखेऐवजी 'चौकशीपासूनचे दिवस' टाका. सगळ्या रेघा शून्यावरून सुटतात, मग कोण पुढे कोण मागे ते कळतं. पहिली प्रत ऋतू दाखवते, दुसरी शर्यत.

गणपतीबद्दल एक सूचना. गेल्या वर्षीच्या ऑगस्टशी या वर्षीचा ऑगस्ट ताडून पाहू नका. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला आहे. त्या पंधरवड्यात इथे बसवणारी पोरं मिळत नाहीत आणि ग्राहकही भजनात असतो. तारखांच्या टेबलात 'चतुर्थीपासून किती दिवस' असा रकाना घाला. वर्षांची तुलना त्यावरून केलीत तरच कामाची.

आता तो राहिलेला हिशेब, अजून थांबलेल्यांचा. मी स्वतः इथे तोंडघशी पडलोय, म्हणून जरा लांबण लावतो. काही वर्षांपूर्वी बोटींची इंजिनं विकणाऱ्या एकाला मी रिपोर्ट करून दिला होता. कोटेशनपासून पैसे येईपर्यंत सरासरी दहा दिवस, असं मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी त्या भरवशावर माल उचलला आणि तो गोदामात पडून राहिला. चूक माझी. ज्यांचे पैसे आले त्यांचीच सरासरी मी काढली होती.

आकड्यांत बघा. दहा जणांना कोटेशन गेलं. सहा जणांनी ५, ६, ८, ९, १२ आणि २० दिवसांनी पैसे दिले. सरासरी बरोब्बर १०. उरलेले चार जण आज ७०, ८५, ९० आणि ११० दिवस होऊन गप्प आहेत. त्यांना सोडून काढलेली सरासरी म्हणजे पास झालेल्यांचेच मार्क मोजून शाळेचा निकाल लावणं. बरं, त्यांना धरून सरासरी काढावी तर त्यांचे दिवस अजून संपलेलेच नाहीत. इथे मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, कामाला येतो. दहाही जणांना चढत्या क्रमाने उभं करा. पाचवा १२ वर, सहावा २० वर, मध्यक १६. ते चौघे उद्या पैसे देवोत, दिवाळीला देवोत नाहीतर कधीच न देवोत, हा १६ हलत नाही, कारण ते २० च्या पुढे केव्हाच गेलेत. आलेल्या सहांचाच मध्यक ८.५ येतो. तुमच्या कार्डावर १६ लिहा आणि खाली 'अजून थांबलेले ४, सर्वांत जुना ११० दिवस' अशी ओळ द्या. निम्मे किंवा त्याहून जास्त लोक अजून थांबलेले असतील तर मध्यकही काढू नका, नुसती यादी द्या.

याच्याच जोडीला 'रद्द' हा टप्पा घाला, तारखेसकट. ज्याने दुसरीकडून बसवून घेतलं तो तुमच्या फाइलीत जन्मभर कोटेशनवर थांबलेला दिसेल आणि सगळे आकडे नासवेल. फोन करून विचारायला लाज वाटते म्हणून हे कुणी भरत नाही. भरा.

शेवटचा आलेख रांगेचा. आडवी तारीख, आणि त्या दिवशी कुठल्या टप्प्यावर किती जण उभे होते त्याचे एकावर एक थर. मेजर असं: ज्या ओळीची तारीख त्या दिवसाइतकी किंवा आधीची आणि जिची पुढची तारीख त्या दिवसानंतरची आहे किंवा जिच्यावर 'अजून थांबलेला' ही खूण आहे, अशा ओळी मोजायच्या. तारखांच्या टेबलाशी असलेलं नातं या मेजरपुरतं तोडावं लागतं, नाहीतर ते फक्त त्याच दिवशी आलेले मोजतं आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. अनुदान मिळालेले आणि रद्द झालेले यातून वगळा, ते रांगेत नाहीत. जो थर जाड होत चाललाय तिथे गाळ साचतोय.

यातून मालकांना एक रोकडा आकडा देता येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: रांगेतली माणसं भागिले दर महिन्याला सुटणारी माणसं म्हणजे सरासरी थांबण्याचे महिने. बसवणीसाठी २४ जण उभे आहेत आणि तुमची टोळी महिन्याला ६ घरं करते, तर चार महिने. येणं आणि सुटणं साधारण सारखं असेल तेव्हाच हे लागू पडतं, त्यामुळे जुलैत वापरू नका, डिसेंबरात वापरा. मेच्या मध्यावर मात्र हीच भागाकाराची पाटी आगाऊ रक्कम घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठेवण्यासारखी आहे. तो "पावसाआधी बसवून देतो" म्हणतो तेव्हा.

सांकी आलेखाचंही तुम्ही विचारलंय, ते जाड-बारीक प्रवाहांचं चित्र. १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कुठे जाते हे दाखवायला सांकी नावाच्या इंजिनियरने ते काढलं होतं. ग्राहक पुढेमागे उड्या मारत असतील, कोटेशनवरून परत पाहणीवर येत असतील, तर ते शोभतं. तुमचे टप्पे एका ओळीत आहेत आणि प्रश्न वेळेचा आहे. सोडून द्या.

मालकांना मोबाइलवर दाखवायचं तर एक सांभाळा. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण रिपोर्ट दुसऱ्याला रीतसर वाटायला पैसे भरून लायसन घ्यावं लागतं. ते वाचवायला काही जण 'पब्लिश टू वेब' दाबतात. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं उघडं, ग्राहकांची नावं आणि फोन नंबरसकट. तुमच्याएवढ्या कामाला दर सोमवारी पीडीएफ काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं पुरे. त्यात ग्राहक क्रमांकच ठेवा, नावं वहीत राहू देत. पहिल्या पानावर रेघा, दुसऱ्यावर पट्ट्या, तिसऱ्यावर अजून थांबलेल्यांची यादी, सर्वांत जुना वर. तिसरं पान आधी उघडलं जाईल, तेव्हा त्या माणसाला आदल्या शनिवारीच एक फोन करून ठेवा.